'आढळला नाही' म्हणजे किती?

एचआयव्हीवर नियमित औषधे घेणाऱ्या माणसाचे रक्त ठराविक काळाने तपासले जाते. रक्तात विषाणू किती आहेत हे त्यातून कळते. औषधे नीट लागू पडत असतील, तर अहवालावर बहुधा एकच ओळ असते : 'विषाणू आढळला नाही'.

ही ओळ वाचून तीन प्रश्न मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. विषाणू आढळला नाही, मग आता गोळ्या बंद केल्या तर चालेल का? आपल्यामुळे जोडीदाराला लागण होण्याची भीती संपली का? आणि मागच्या वेळी 'आढळला नाही' असे होते, या वेळी '७०' असा आकडा आला. म्हणजे औषध निकामी झाले का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, औषधे सलग चालू असतील तर, 'हो' असे आहे. तिसऱ्याचे उत्तर 'एवढ्यावरून सांगता येत नाही' हे आहे. एकाच ओळीतून इतकी वेगवेगळी उत्तरे कशी निघतात? ते समजण्यासाठी 'आढळला नाही' या शब्दांमागे कोणती मोजपट्टी आहे आणि ती गेल्या चाळीस वर्षांत कशी घडत गेली, हे पाहायला हवे.

धूर दिसतो, विस्तव दिसत नाही

जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सचा इतिहास सामान्यतः तेथून सुरू करतात. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँटान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगाचा विषाणू वेगळा केला. या कामाबद्दल दोघांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये रक्ततपासणी उपलब्ध झाली. भारतातील पहिले बाधित १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले, तेही रक्ततपासणीतूनच.

पण ही तपासणी विषाणूची नव्हती. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे तिच्यात शोधली जात. डोंगरावर धूर दिसला की तेथे विस्तव आहे असे अनुमान आपण करतो, तसाच हा प्रकार. विस्तव केवढा आहे, वाढतो आहे की विझतो आहे, हे धुरावरून कळत नाही. औषधाने विषाणू कमी झाले तरी प्रतिपिंडे रक्तात राहतातच. त्यामुळे बाधा आहे की नाही हे ठरवायला ही तपासणी उत्तम, पण उपचारावर देखरेख ठेवायला तिचा काही उपयोग नव्हता.

प्रत्यक्ष विषाणू मोजण्याचा मार्ग होता तो कष्टाचा. रुग्णाचे रक्तद्रव (रक्तातील पेशी काढून टाकल्यावर उरणारा द्रव) टप्प्याटप्प्याने पातळ करायचे, निरोगी माणसाच्या रक्तपेशींवर घालायचे आणि विषाणू वाढतो का याची वाट पाहायची. यात आठवडे जात. शिवाय परीक्षानळीत वाढू शकणारेच विषाणू मोजले जात. १९८९ साली अमेरिकेतील दोन गटांनी या पद्धतीने रक्तद्रवातील विषाणू मोजून दाखवले. आजारी माणसांत ते भरपूर सापडले. लक्षणे नसलेल्यांत फारच थोडे सापडले.

बाधा झाल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा आठ-दहा वर्षे जातात. या काळात विषाणू सापडत नाही, म्हणजे तो झोपलेला असतो, असा समज त्यामुळे दृढ झाला. खरे तर मोजपट्टी जाडीभरडी होती. तिच्या उणिवेला विषाणूची झोप समजले गेले.

एकाचे दोन, दोनाचे चार

१९८५ साली कॅलिफोर्नियातील सीटस या कंपनीत कॅरी मुलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीआर ही पद्धत प्रसिद्ध केली. डी.एन.ए.चा हवा तो तुकडा विकरांच्या मदतीने दुप्पट करायचा, पुन्हा दुप्पट करायचा, असे करत जायचे. वीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे दहा लाखांहून अधिक तुकडे होतात, तीस फेऱ्यांनंतर शंभर कोटींहून अधिक. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो, तेच हे गणित.

एचआयव्हीचा वारसा आर.एन.ए.मध्ये लिहिलेला असतो. त्यामुळे आधी आर.एन.ए.वरून डी.एन.ए. करून घ्यावा लागतो. हे काम करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० साली अशाच कुळातील विषाणूंमध्ये शोधले होते. म्हणजे विषाणूला मोजण्याचे हत्यार विषाणूच्याच घरातून मिळाले.

दुप्पट करणे सोपे. पण मुळात किती होते हे कसे कळणार? त्यासाठी एक युक्ती करतात. नमुन्यात ओळखता येईल असा थोडा वेगळा तुकडा मोजून घालायचा. दोन्ही तुकडे शेजारीशेजारी वाढतात. शेवटी त्यांचे प्रमाण पाहिले की मूळ संख्येचा हिशेब लागतो. ही पद्धत वापरून १९९३ साली पियाटॅक, शॉ, लिफसन आदींनी ६६ बाधित माणसांचे रक्तद्रव तपासले. लक्षणे असोत वा नसोत, प्रत्येकाच्या रक्तात विषाणू सापडला. एका मिलिलिटरमध्ये कोणाकडे आर.एन.ए.च्या १०० प्रती, तर कोणाकडे दोन कोटींहून अधिक. विषाणूच्या एका कणात आर.एन.ए.च्या दोन प्रती असतात, म्हणून कणांची संख्या याच्या निम्मी धरावी.

आकड्यांचा हा पल्ला पाहिला म्हणजे डॉक्टर विषाणूंची संख्या 'लॉग'मध्ये का सांगतात हे लक्षात येईल. दहापट घट म्हणजे एक लॉग. साधारण तिपटीपेक्षा कमी फरक पडला तर तो तपासणीतील नेहमीचा चढउतार समजतात.

टाकीची पातळी आणि नळ

विषाणू सतत असतो हे कळले, पण तो करतो काय? एखाद्या टाकीत पाण्याची पातळी वर्षभर तशीच आहे. याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, नळ बंद आहे आणि गळतीही नाही. दोन, नळ जोरात चालू आहे आणि खालच्या भोकातून तितकेच पाणी वाहून जात आहे. नुसती पातळी पाहून यातले कोणते खरे हे सांगता येत नाही. नळ बंद करून पाहिला तरच कळते.

विषाणूचा नळ बंद करणारी औषधे १९९०च्या दशकाच्या मध्यास हाती आली. जानेवारी १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांचे निष्कर्ष 'नेचर' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात आले. औषध सुरू करताच रक्तातील विषाणू दर दोन दिवसांत सुमारे निम्मे होत होते. म्हणजे औषधाआधी पातळी स्थिर होती ती झोपेमुळे नव्हे. नळ आणि भोक दोन्ही जोरात चालू होते. १९९६ साली ॲलन पेरेलसन या गणितज्ञाने हो यांच्याबरोबर हिशेब मांडला : बाधित शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणुकण तयार होतात आणि तितकेच नष्ट होतात.

यातून एक कोडेही सुटले. १९८७ पासून मिळणारे एझेडटी हे औषध एकटे दिले, तर काही महिन्यांत निष्प्रभ का ठरे? विषाणूच्या आर.एन.ए.त जेमतेम दहा हजार अक्षरे. नक्कल करताना चुका होतात आणि रोज इतक्या नकला निघतात. एका औषधाला दाद न देणारा विषाणू त्यांत निपजणारच. तीन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा निपजणे मात्र फार अवघड. एकत्रित तीन औषधांच्या उपचारामागचा हा तर्क आहे आणि १९९६ पासून तो प्रत्यक्षात उतरला.

त्याच वर्षी जॉन मेलर्स यांनी विषाणू मोजण्याचे महत्त्व वेगळ्या प्रकारे दाखवले. १९८०च्या दशकाच्या मध्यास एका मोठ्या पाहणीत १८० पुरुषांचे रक्तद्रव गोठवून ठेवलेले होते. ते घेतले तेव्हा त्यातील विषाणू मोजण्याची सोय नव्हती. दहा वर्षांनी नव्या पद्धतीने ते मोजले. ज्यांच्याकडे सर्वांत कमी विषाणू होते, त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना पाच वर्षांत एड्स झाला होता. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त, त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. तोपर्यंत डॉक्टर सीडी-४ या रक्तपेशी मोजून रोगाचा अंदाज बांधत. या पेशी घटणे म्हणजे नुकसान झाल्याचे चिन्ह. विषाणूंची संख्या मात्र नुकसान होण्याआधीच इशारा देत होती.

तळाखालचे पाणी

आता 'आढळला नाही' या शब्दांकडे येऊ. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पीसीआर तपासणीला मिलिलिटरमागे ४०० प्रतींच्या खालचे दिसत नसे. पुढे रक्तद्रव जास्त घेऊन आणि त्यातील विषाणू वेगाने फिरवून तळाशी गोळा करून ही रेघ ५० वर आणली. यात जादू काही नव्हती. मासे विरळ असतील तर जाळे मोठे टाकावे लागते, इतकेच.

तीन औषधे घेणाऱ्या अनेकांचे विषाणू या रेघेखाली गेले. उत्साह साहजिक होता. मे १९९७ मध्ये पेरेलसन आणि हो यांनी गणित केले, की विषाणूची वाढ पूर्णपणे थांबवता आली, तर दोन-तीन वर्षांत तो शरीरातून संपू शकेल. अर्थात, जिथे औषध पोचत नाही किंवा विषाणू दडून राहतो अशी जागा नसेल तरच, हेही त्यांनी नोंदवले होते.

त्या वर्षाच्या अखेरीसच अशी जागा सापडली. बाल्टिमोर, सॅन डिएगो आणि बेथेस्डा येथील तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की ज्यांच्या रक्तद्रवात महिनोन्महिने विषाणू आढळलेला नाही, त्यांच्या विश्रांत सीडी-४ पेशी बाहेर काढून जाग्या केल्या की विषाणू वाढू लागतो. अशी पेशी साधारण दहा लाखांत एक. विषाणूचा वारसा तिच्या स्वतःच्या डी.एन.ए.मध्ये शिवला गेलेला असतो. ती गप्प असते तोवर औषधाला धरायला काही नसते. बाल्टिमोरच्या रॉबर्ट सिलिसियानो यांनी पुढे मोजले, की हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या वेगाने तो संपायला साठ-सत्तर वर्षे हवीत. दोन-तीन वर्षांचा हिशेब एका आयुष्यावर गेला.

सात मिलिलिटर

५० च्या रेघेखाली नेमके काय चालते? २००३ साली सारा पामर, जॉन कॉफिन, मेलर्स आदींनी मिलिलिटरमागे एक प्रत ओळखणारी तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात सात मिलिलिटर रक्तद्रव लागते. मोजणीत चूक होऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्यात पक्ष्यांना होणाऱ्या एका विषाणूचे मोजलेले कण सुरुवातीलाच मिसळतात. ते शेवटी पुरेसे परत मिळाले, तर मधल्या पायऱ्यांत काही गळाले नाही हे समजते.

या तपासणीने दिसले ते असे. नियमित औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात सात वर्षांनंतरही विषाणूचा माग होता, मिलिलिटरमागे साधारण तीन प्रती. आकडा क्षुल्लक वाटतो. पण शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असते. म्हणजे एका वेळी सुमारे नऊ हजार प्रती, साडेचार हजार कण. हे सगळे 'आढळला नाही' या एका ओळीच्या पोटात मावते.

हा विषाणू येतो कोठून? औषध कमी पडून तो नव्या पेशींत शिरत असेल, तर आणखी एक औषध वाढवल्यावर आकडा उतरायला हवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौथे औषध देऊन पाहिले; आकडा हलला नाही. म्हणजे औषधे आपले काम चोख करत होती. दडलेल्या पेशींपैकी एखादी जागी होते आणि काही कण सोडते. तेच दिसत होते. औषधामुळे ते नव्या पेशीत घर करू शकत नाहीत. मात्र औषध थांबवले की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे जातो.

अधूनमधून येणाऱ्या '७०' सारख्या आकड्याचे कोडेही यातून सुटते. २००५ मध्ये बाल्टिमोरच्या गटाने दहा रुग्णांचे रक्त सुमारे तीन महिने दर दोन-तीन दिवसांनी घेतले. प्रत्येक नमुना दोन प्रयोगशाळांना दिला. दहांपैकी नऊ जणांत कधी ना कधी असा आकडा आला. पण एका प्रयोगशाळेला दिसला तो दुसरीला त्याच रक्तात बहुधा दिसला नाही. औषधाला दाद न देणारा नवा विषाणूही सापडला नाही. कण फार थोडे असले की कोणत्या थेंबात किती येतील हा योगायोगाचा भाग असतो. एका सुट्या आकड्यावरून औषध बदलणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. तपासणी पुन्हा करावी लागते.

मिसिसिपीचे बाळ

विषाणू न दिसण्याचा अर्थ किती जपून लावावा लागतो, हे एका घटनेने सर्वांना शिकवले. २०१० साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात बाधित आईच्या पोटी एक मूल जन्मले. जन्मानंतर सुमारे तीस तासांतच त्याला औषधे सुरू केली. दीड वर्षाचे झाल्यावर मूल रुग्णालयात येईनासे झाले आणि औषधे थांबली. ते पुन्हा आले तेव्हा नेहमीच्या तपासणीत विषाणू नव्हता. मार्च २०१३ मध्ये हे जगापुढे मांडले गेले तेव्हा मूल बरे झाले, असे अनेकांना वाटले. औषधाविना सत्तावीस महिने गेले. जुलै २०१४ मध्ये जाहीर झालेला आकडा होता मिलिलिटरमागे १६,७५० प्रती. औषधे पुन्हा सुरू करावी लागली.

येथे तपासणी खोटी ठरली नाही. 'माझ्या रेघेच्या वर काही नाही' एवढेच ती म्हणत होती. 'शरीरात काही नाही' हे आपण तिच्या तोंडी घातले.

कोणती रेघ कशासाठी

मग रेघेखाली विषाणू असतोच, तर अशा तपासणीला अर्थ काय? फार मोठा अर्थ आहे. फक्त प्रश्न वेगळा विचारायला हवा.

२०११ मध्ये नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्रत्येक जोडप्यात एक बाधित आणि एक निरोगी. भारतातील केंद्रे चेन्नईत आणि पुण्यात होती. पुण्यातले काम त्या वेळी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भोसरीच्या संस्थेने केले. जोडीदाराकडूनच झाल्या हे सिद्ध झालेल्या लागणी २८. त्यांपैकी २७ औषध उशिरा सुरू करणाऱ्या गटात आणि एकच लगेच सुरू करणाऱ्या गटात. पुढे युरोपातील जोडप्यांच्या पाहणीत, विषाणू २०० च्या खाली असलेल्या जोडीदाराकडून निरोधाविना शरीरसंबंध आलेल्यांत एकही लागण झाली नाही. हे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणीच्या प्रश्नाला २०० ची रेघ पुरते. लग्न, संसार, मुले यांची स्वप्ने सोडून दिलेल्या हजारो माणसांसाठी ही बातमी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

उपचार फसतो आहे का, या प्रश्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १००० ची रेघ धरली. जिथे शीतपेटी पोचत नाही तिथून कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका पाठवतात. त्यात ५० प्रती भरवशाने मोजता येत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण. पण २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सुमारे सत्तर हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की ५१ ते ९९९ च्या दरम्यान रेंगाळणाऱ्यांत पुढे उपचार फसण्याचा धोका अडीच पटींहून अधिक होता. एखाद्या वेळचा ७० आणि पुन्हापुन्हा येणारा ४०० यांत फरक आहे. दुसऱ्यात गोळ्या चुकताहेत का, हे रुग्णाला न रागावता विचारायला हवे. २०२३ मध्ये संघटनेने 'आढळला नाही', 'आढळला पण १००० पर्यंत' आणि 'त्याहून जास्त' असे तीन गट केले.

आपल्याकडे मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाला. तेव्हा देखरेख होती ती सीडी-४ पेशींवर आणि डॉक्टरांच्या नजरेवर. २००८ मध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळचे तांबरम येथे दुसऱ्या फळीची औषधे मिळू लागली, तेव्हा ती कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी विषाणू मोजले जाऊ लागले. उपचार घेणाऱ्या सर्वांसाठी ही तपासणी फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाली.

वर्गात करून पाहा

एका परातीत चाळीस लहान वाट्या तांदूळ मोजून घ्या. त्यात अख्ख्या काळ्या उडदाचे चाळीस दाणे मिसळा. म्हणजे वाटीमागे सरासरी एक दाणा. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक वाटी भरून उडीद मोजावेत आणि सगळे परत मिसळून परात पुढच्याकडे द्यावी. सुमारे चौदा-पंधरा जणांना एकही दाणा मिळणार नाही. एखाद्याला तीन-चारही मिळतील. परात तर एकच आहे!

मग प्रत्येकाने एकदम सात वाट्या काढून पाहाव्यात. आता कोणा एका विद्यार्थ्याने रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. मुलांना विचारा : पहिल्या वेळी ज्यांना काही मिळाले नाही, त्यांनी वहीत काय लिहावे? 'उडीद नाहीत' की 'एका वाटीत उडीद आढळले नाहीत'? दुसरे उत्तर कोणी दिले, तर किती वाट्या पाहिल्या तेही शेजारी लिहायला सांगा.